उद्ध्वस्त होण्यापूर्वीचा चीन : ओस्वाल्ड सिरेन यांची छायाचित्रे



चीनचे नाव निघाले की मराठी मनात दोन चित्रे हटकून उभी राहतात. पहिले शालेय पुस्तकातले, पाठीवर ग्रंथांचा भारा घेतलेल्या ह्युएनत्संगाचे. दुसरे १९६२च्या हिमालयातले. या दोन चित्रांच्या मध्ये तेराशे वर्षांचा काळ पसरलेला आहे आणि त्या काळातील चीन आपल्या फारसा ओळखीचा नाही. आजचे विवेचन त्या अनोळखी चीनविषयी आहे. त्यासाठी आधार घ्यायचा आहे तो एका कला-इतिहासकाराने काढलेल्या छायाचित्रांचा. हा गृहस्थ चिनी नव्हता, भारतीयही नव्हता. पण त्याने कॅमेऱ्यात टिपलेल्या कितीतरी वास्तू आज जागेवर उरलेल्या नाहीत.

ओस्वाल्ड सिरेन यांचा जन्म १८७९ साली हेलसिंकी येथे झाला. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्याचा भाग होता. तरुणपणीच ते स्वीडनला आले आणि १९०८ साली स्टॉकहोम येथे कला-इतिहासाचे प्राध्यापक झाले. त्यांचा मूळ अभ्यासविषय इटालियन चित्रकला. जोत्तो आणि त्याचे अनुयायी, लोरेन्झो मोनाको, लिओनार्दो अशा विषयांवर त्यांनी ग्रंथ लिहिले. युरोपीय विद्वत्तेच्या जगात एवढ्यावर आयुष्यभराची प्रतिष्ठा लाभत असे. असा माणूस चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना सारे सोडून पूर्वेकडे का वळला?

याचे उत्तर अंशतः अमेरिकेतील बोस्टन येथील संग्रहालयात सापडते. तेथे बाराव्या शतकातील चिनी चित्रपट आहेत. जपानमधील क्योतो येथील दाइतोकु-जी या मठातून ते तेथे पोहोचले. त्या चित्रांत अर्हतांच्या मालिका आहेत. अर्हत या संस्कृत शब्दाचेच चिनी रूप ‘लोहान’. इटालियन संतांची चित्रे पाहण्यात डोळे मुरलेले सिरेन या अर्हतांपुढे थबकले, ते कायमचे. शिवाय ते थिऑसॉफीचे अनुयायी होते. त्यामुळे पौर्वात्य अध्यात्माकडे त्यांचा ओढा आधीपासूनच होता. कला ही बाह्य रूपाची नक्कल करते की अंतरातील काही व्यक्त करते, हा प्रश्न त्यांना छळत असे आणि त्याचे उत्तर चीनमध्ये मिळेल असे त्यांना वाटू लागले. १९१८ साली ते जपान व चीनला जाऊन आले. १९२१ ते १९२३ या काळात त्यांनी दीर्घ मुक्काम केला आणि पुढे १९२९-३० व १९३५ मध्येही ते चीनमध्ये होते. १९२६ पासून १९४४ पर्यंत ते स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात अधिकारी होते. १९६६ साली, सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्या काळातील चीन कसा होता, हे लक्षात घेतले पाहिजे. १९११-१२ च्या क्रांतीने राजसत्ता गेली होती, प्रजासत्ताक केवळ नावापुरते होते आणि प्रांतोप्रांती लष्करी सरदारांचे राज्य होते. रेल्वे मोजक्याच मार्गांवर धावत होती. त्यापुढे खेचर, बैलगाडी किंवा पाय. छायाचित्रणाची सामग्री म्हणजे जड कॅमेरा, तिकाटणे आणि काचेच्या निगेटिव्ह. एक धक्का बसला की दिवसाचे काम मातीला मिळे. गुहेतील अंधारात एका चित्रासाठी कितीतरी वेळ झडप उघडी ठेवावी लागे. आज खिशातील दूरध्वनी संचावर क्षणात शंभर छायाचित्रे काढणाऱ्या पिढीला या कष्टांची कल्पना येणे कठीण आहे.

सिरेन यांचा पहिला मोठा विषय होता पेकिंग, म्हणजे आजचे बीजिंग, या नगरीचा तट. आतल्या शहराभोवती सुमारे चोवीस किलोमीटर घेराचा, नऊ दरवाजांचा तट होता. सोळाव्या शतकात दक्षिणेकडे त्याला बाहेरच्या शहराची तटबंदी जोडली गेली, तिला सात दरवाजे. सिरेन हा तट पायी हिंडले. विटांवर व दगडी पाट्यांवर कोणत्या सम्राटाच्या कोणत्या वर्षी दुरुस्ती झाली याचे उल्लेख होते, ते त्यांनी टप्प्याटप्प्याने नोंदवून घेतले. दरवाजांची मोजमापे घेऊन चिनी चित्रकारांकडून आराखडे काढून घेतले. १९२४ साली लंडनमध्ये हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात १०९ छायाचित्रे होती आणि प्रती होत्या केवळ ८००.

या ग्रंथातील दक्षिणेकडील योंगदिंगमेन दरवाजाचे छायाचित्र पाहावे. समोर खंदकाचे संथ पाणी, काठावर बोरू आणि विलोची झाडे, आणि मागे दुमजली छपराचा दरवाजा. हे चित्र काढणाऱ्याला केवळ वास्तुशास्त्राची नोंद करायची नव्हती, हे उघड आहे. प्रत्येक दरवाजाला स्वतःची मुद्रा आहे, स्वभाव आहे, असे सिरेन मानत. त्याच वेळी हे वैभव ओसरू लागले आहे, हेही त्यांना दिसत होते. रेल्वेसाठी तटाला भगदाडे पडली होती. मुख्य दरवाजा झेंगयांगमेन याची आडोशाची तटबंदी, जिला आपल्याकडे गडांवर जिभी म्हणतात, ती १९१५ साली वाहतुकीसाठी पाडण्यात आली होती. (ज्या मंत्र्यांच्या देखरेखीखाली ती पाडली गेली, त्या झू छिच्येन यांनीच पुढे चिनी वास्तुकलेच्या संशोधनासाठी संस्था काढली. माणसे अशी सरळ हिशेबात बसत नाहीत. या संस्थेचा उल्लेख पुढे येणारच आहे.)

१९२२ साली सिरेन यांना राजप्रासादात छायाचित्रे घेण्याची परवानगी मिळाली. पदच्युत सम्राट पु-यी अजून तेथेच राहत होता आणि काही दालनांतून त्याने स्वतः सिरेन यांना फिरवले. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९२४ मध्ये, एका सरदाराच्या सैन्याने पु-यीला प्रासादातून हुसकावून लावले. म्हणजे राजवाडा राजाचा असतानाचे हे जवळपास अखेरचे दर्शन होय. १९२६ साली तीन खंडांत ही चित्रे प्रसिद्ध झाली.

तट आणि राजवाडा यांविषयी एवढे पुरे. आपल्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचा भाग आहे तो बौद्ध लेण्यांचा.

उत्तर चीनमध्ये दातोंग शहराजवळ युनगांगची लेणी आहेत. इ.स. ४६० च्या सुमारास तानयाओ या भिक्षूच्या पुढाकाराने ती कोरण्यास आरंभ झाला. त्याआधी चौदा वर्षे, ४४६ साली, त्याच उत्तर वेई राजवंशाच्या सम्राटाने बौद्धांचा भयंकर छळ केला होता. विहार जाळले, मूर्ती फोडल्या. लाकडाचे जळते, धातूचे वितळवता येते, पण डोंगर कोणाला उचलून नेता येणार नाही, असा विचार तानयाओच्या मनात नसेलच असे म्हणवत नाही. पंधरा शतकांनी हा विश्वासही खोटा ठरावयाचा होता.

राजधानी दक्षिणेला लोयांगला गेल्यावर तेथील यी नदीच्या काठावर लोंगमेनची लेणी सुरू झाली. दोन हजार तीनशेहून अधिक गुहा व कोनाडे आणि एक लाखाच्या आसपास मूर्ती, एवढा त्यांचा विस्तार. सम्राट श्वानवू याने आपल्या मातापित्यांच्या पुण्यार्थ खोदवलेली बिनयांग गुहा घ्या. इतिहासग्रंथात या कामाचा हिशेब नोंदलेला आहे. इ.स. ५०० ते ५२३ या काळात ८,०२,३६६ मनुष्यदिवस त्यावर खर्ची पडले. आपल्या वेरूळच्या कैलासाचा असा हिशेब कोणी लिहून ठेवला असता तर किती बरे झाले असते! पुढे तांग काळात सम्राज्ञी वू हिने आपल्या प्रसाधनखर्चातून वीस हजार नाण्यांच्या माळा दिल्या आणि १७ मीटरहून उंच अशा वैरोचन बुद्धाची मूर्ती ६७५ साली पूर्ण झाली.

ह्युएनत्संगाचे जन्मगाव याच लोयांगच्या परिसरातले. इ.स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला होता, चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या राज्यात. येथील लोकांच्या मानीपणाचे, उपकार न विसरण्याच्या आणि अपमानाचा सूड घेण्याच्या वृत्तीचे वर्णन त्याने केले आहे, ते सर्वांना ठाऊक आहे. डोंगरकड्यातील ज्या भव्य विहाराचे त्याने वर्णन केले, तो अजिंठाच असावा असे बहुतेक विद्वान मानतात. ६४५ साली तो मायदेशी परतला तेव्हा ६५७ ग्रंथांबरोबर त्याने सात मूर्तीही नेल्या. त्यांत कौशांबीच्या उदयन राजाने घडवलेल्या बुद्धमूर्तीची चंदनातील प्रतिकृती होती. आणि लोंगमेनमध्ये, ६५५ सालापासून पुढच्या पंचवीस वर्षांत, अचानक एका वेगळ्याच घडणीच्या बुद्धमूर्ती दिसू लागतात. त्यांच्या शिलालेखांत त्यांना उदयन राजाची मूर्ती असेच म्हटले आहे. बाकीच्या चिनी मूर्तींच्या वस्त्रांना चुण्यांची लयलूट, या मूर्तींच्या अंगावरचे वस्त्र मात्र नितळ, जणू पाण्यात भिजून अंगाला चिकटलेले. सारनाथची गुप्तकालीन मूर्ती ज्याने पाहिली आहे, त्याला हे नाते सांगावे लागत नाही.

तथापि या ठिकाणी एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. असे काही दिसले की ‘हे सारे आपलेच’ असे म्हणून मोकळे होण्याचा मोह आपल्याकडे फार आहे. तो मोह चांगला नव्हे. लोंगमेनचे बहुसंख्य शिल्प चिनी आहे, चिनी हातांनी, चिनी दृष्टीने घडवलेले. भारतातून बीज गेले. त्या मातीत जे झाड आले ते त्या मातीचे आहे. सिरेन यांच्या छायाचित्रांचा आपल्याला उपयोग हा, की त्यांत बीज आणि झाड दोन्ही वेगवेगळी ओळखता येतात. ओडिशाच्या राजकुळातला म्हणून ज्याची परंपरा सांगितली जाते, तो नालंदेचा पंडित शुभाकरसिंह ऐंशी वर्षांचा असताना, ७१६ साली, चीनच्या राजधानीत पोहोचला. ७३५ साली लोयांगमध्ये त्याने देह ठेवला आणि त्याची समाधी लोंगमेनच्याच परिसरात झाली. तो तेथे काही जिंकायला गेला नव्हता.

सिरेन यांच्या आधी लोंगमेनची पद्धतशीर छायाचित्रे घेतली होती ती एदुआर शाव्हान या फ्रेंच पंडितांनी, १९०७ साली. हे शाव्हान म्हणजे भारतात आलेल्या चिनी भिक्षूंच्या चरित्रांचा इत्सिंगाचा ग्रंथ फ्रेंचमध्ये आणणारे. त्यांच्या छायाचित्रांत बिनयांग गुहेच्या प्रवेशाच्या भिंतीवर दोन उठावशिल्पे स्पष्ट दिसतात. एका बाजूस सम्राट आपल्या परिवारासह बुद्धदर्शनास निघाला आहे, दुसऱ्या बाजूस सम्राज्ञी. तिच्या मागे स्त्रियांची रांग, वस्त्रांच्या लांब रेषा, कोणी वळून मागे पाहते आहे. चिनी शिल्पकलेतील हे एक अत्यंत सुकुमार काम.

आज ती भिंत ओबडधोबड आहे. १९३०च्या दशकात रात्री-अपरात्री छिन्नी चालवून ही शिल्पे तुकड्यातुकड्यांनी काढण्यात आली आणि बीजिंगच्या मूर्तिव्यापाऱ्यांकडे पोहोचली. सम्राटाची मिरवणूक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेली, सम्राज्ञीची कॅन्सस शहरातील नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात. फुटलेले तुकडे जोडताना मूळ रूप कळण्यासाठी जुनी छायाचित्रे व ठसेच कामी आले. काही तुकडे बनावट असावेत अशी शंका अभ्यासकांनी नंतर घेतली आहे. ती शंका घेता आली, तीही जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहता आल्यामुळेच.

याहून करुण कथा तियानलोंगशानची आहे. शान्शी प्रांतात तैयुआन शहराजवळच्या या डोंगरात सहाव्या ते आठव्या शतकातील सुमारे पंचवीस लहान गुहा आहेत. लोंगमेनची भव्यता येथे नाही. येथे आहे ती देहाची ऊब. तांग काळातील येथील बोधिसत्त्व कमरेत किंचित वळून बसलेले, अंगावरचे वस्त्र सैल, त्वचेखाली श्वास असल्याचा भास. भारतीय शिल्पाचा सर्वाधिक स्पर्श जर कोठे असेल तर तो येथे, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले. १९१८ साली सेकिनो तादाशी या जपानी विद्वानाने ही स्थळे जगापुढे आणली. सिरेन १९२२च्या सुमारास तेथे पोहोचले, तेव्हा बऱ्याच मूर्ती शाबूत होत्या. १९२५ साली त्यांचा ‘चिनी शिल्पकला’ हा चार खंडांचा ग्रंथ आला, नऊशेहून अधिक मूर्तींचा. तो छापखान्यातून बाहेर पडत होता त्याच सुमारास तियानलोंगशानच्या गुहांत शिरच्छेद चालू होते. ओसाकाच्या यामानाका या विख्यात पुराणवस्तू-व्यापारी पेढीचे प्रमुख १९२४ व १९२६ साली स्वतः तेथे जाऊन आले. मूर्तींची शिरे तेथील भिक्षूला पैसे देऊन आपण मिळवली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. काही वर्षांत डोंगर मुंडका तोडलेल्या धडांचा झाला. ती शिरे आज जपान, अमेरिका आणि युरोप येथील संग्रहालयांत विखुरलेली आहेत.

येथे प्रश्न उभा राहतो. छायाचित्रे घेऊन ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध करणाऱ्या विद्वानांनी या मूर्ती वाचवल्या की चोरांना वाट दाखवली? प्रामाणिक उत्तर असे की दोन्ही घडले. सुबक छापील पानावर जी मूर्ती आली, तिचा पत्ता अभ्यासकाला लागला तसाच खरेदीदारालाही लागला. सिरेन स्वतःही या व्यवहारापासून अलिप्त नव्हते. संग्रहालयांसाठी चिनी कलावस्तू मिळवणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता आणि त्यांच्या शिल्पग्रंथात गुहेतील मूर्तींच्या शेजारी व्यापारी व संग्राहक यांच्या ताब्यातील मूर्तीही छापलेल्या आहेत. पाश्चात्त्य विद्वानांना सरसकट चोर ठरवणारे एक भाषण नेहमीच टाळ्या मिळवते. सरसकट ऋषी ठरवणारेही मिळवते. सिरेन यांच्याबाबतीत दोन्ही भाषणे खोटी ठरतील. ज्या माणसाने छिन्नी कधी हातात घेतली नाही, त्याच्या पुस्तकामुळे छिन्नीवाल्याला भाव आला असेल. पण तेच पुस्तक नसते तर ‘ही मूर्ती आमच्या गुहेतली’ असे म्हणायला चीनकडे पुरावा कोणता उरला असता?

आता त्या चिनी संस्थेकडे येऊ. १९३१ साली लियांग सिचेंग आणि त्यांच्या पत्नी लिन हुईयिन हे तरुण वास्तुविशारद दांपत्य, अमेरिकेत शिक्षण घेऊन परतलेले, झू छिच्येन यांच्या संस्थेत काम करू लागले. लियांग यांचे परदेशी अभ्यासकांविषयीचे मत कठोर होते. चिनी वास्तूचे व्याकरणच यांना ठाऊक नाही, असे ते म्हणत. त्यातल्या त्यात सिरेन बरे, पण तेही चिनी शास्त्रग्रंथ निष्काळजीपणे वाचतात, असा त्यांचा अभिप्राय होता. या टीकेत स्वाभिमान होता, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती टीका करून लियांग थांबले नाहीत. स्वतः कॅमेरा, मोजपट्टी आणि चित्रवही घेऊन ते खेड्यापाड्यांतून हिंडू लागले. परक्यांनी आपला इतिहास चुकीचा लिहिला अशी तक्रार करणाऱ्यांची संख्या आपल्याकडेही कमी नाही. शिडी लावून तुळईवर चढणारे मात्र मोजके.

चीनमध्ये तांग काळातील लाकडी वास्तू एकही शिल्लक नाही, असे जपानी विद्वान सांगत. ती पाहायची तर जपानमधील नारा येथे या, असे. लियांग यांना हे मान्य नव्हते. दुन्हुआंगच्या बौद्ध गुहांची छायाचित्रे पॉल पेलियो या फ्रेंच पंडिताच्या मोहिमेत १९०८ साली घेतली गेली होती. त्या ग्रंथात एकसष्टाव्या गुहेतील भित्तिचित्राचे छायाचित्र होते. त्यात वुताई पर्वताचा जणू नकाशाच रंगवला होता आणि विहारांची नावे लिहिली होती. वुताई म्हणजे मंजुश्री बोधिसत्त्वाचे निवासस्थान. त्याच्या दर्शनासाठी काश्मीरचा बुद्धपाल नावाचा भिक्षू ६७६ साली तेथवर गेल्याची कथा आहे. नकाशातील एक नाव होते फोगुआंग विहार. मुख्य यात्रामार्गापासून तो दूर असल्याने कदाचित त्याची ‘सुधारणा’ झाली नसेल, असा लियांग यांचा कयास. जीर्णोद्धाराच्या नावाखाली चकचकीत फरशी बसलेली मंदिरे पाहणाऱ्यांना या कयासातील मर्म निराळे सांगायला नको.

१९३७च्या उन्हाळ्यात हे दांपत्य दोन सहकाऱ्यांसह खेचरांवरून तेथे पोहोचले. विहार उभा होता. छताच्या वरच्या पोकळीत हजारो वटवाघळे, ढेकूण आणि शतकांची धूळ. त्या अंधारात ते तासन्तास मोजमापे व छायाचित्रे घेत राहिले. लिन यांची दृष्टी दूरवरचे पाहण्यात तीक्ष्ण होती. तुळईच्या तळाशी पुसट शाईची अक्षरे त्यांना दिसली. धूळ पुसल्यावर वाचता आले, दान देणाऱ्या एका स्त्रीचे नाव. तेच नाव बाहेरच्या शिलास्तंभावर होते, आणि स्तंभावर वर्ष होते, ८५७. तांग काळाची वास्तू चीनमध्ये सापडली होती. तोवर ज्ञात असलेली ती सर्वांत जुनी लाकडी वास्तू. एका भिंतीवरच्या चित्राच्या छायाचित्राने हा शोध लावला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. डोंगर उतरून आल्यावर त्यांना कळले की जपानशी युद्ध सुरू होऊन आठवडा उलटला आहे.

संस्थेने जमवलेल्या निगेटिव्ह व टिपणे सुरक्षित राहावीत म्हणून तियानजिनमधील एका बँकेच्या तळघरात ठेवण्यात आली. १९३९च्या महापुरात तळघरात पाणी शिरले आणि त्यातील फार मोठा भाग नष्ट झाला.

आणि पेकिंगचा तट? १९४९ नंतर लियांग यांनी नव्या राज्यकर्त्यांना परोपरीने विनवले. तट पाडू नका, त्यावर लोकांसाठी बाग करा, बाके मांडा, झाडे लावा. कोणी ऐकले नाही. जुन्याचा समूळ नाश हीच प्रगती मानणारी विचारसरणी सत्तेवर असली की काय होते, याचे हे ढळढळीत उदाहरण. पन्नास व साठच्या दशकांत तट पाडला गेला, पुढे त्याच्या रेषेखालून भुयारी रेल्वे धावली. योंगदिंगमेन १९५७ साली गेला. १९६९ साली शिझिमेन हा दरवाजा पाडताना त्याच्या पोटात त्याहूनही जुना, १३५८ सालचा, युआन राजवटीतील दरवाजा सापडला. तोही पाडण्यात आला. लियांग १९७२ साली निवर्तले.

सिरेन यांचा तटावरचा ग्रंथ चिनी भाषेत आला १९८५ साली. तोवर तो पाहण्यासाठी तट उरला नव्हता. २००४ साली योंगदिंगमेन जुन्या मोजमापांवरून पुन्हा बांधला गेला. तो सुबक आहे. खंदकाकाठचे बोरू नाहीत.

आपल्याकडे अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात रॉबर्ट गिलने १८४४ पासून कितीतरी वर्षे घालवली. १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यातील बहुतेक नकला जळून गेल्या. मग गिलने कॅमेरा हाती घेऊन टिपलेली छायाचित्रे तेवढी राहिली. भुसावळला त्याची कबर आहे. अजिंठ्याला जाणारे कितीजण तेथे थांबतात कोण जाणे. आचार्य रघुवीर १९५५ साली चीनला गेले. पुढे जनसंघाचे अध्यक्ष म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्या प्रवासातून त्यांनी आणलेल्या हस्तलिखितांची, ठशांची आणि छायाचित्रांची ओळख कार्यकर्त्यांनाही क्वचितच असते. लोयांगच्या श्वेताश्व विहाराच्या आवारात सांचीच्या धर्तीवरचे मंदिर भारताने बांधून दिले. मे २०१० मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तेथून लोंगमेन फार दूर नाही. कधी त्या बाजूला जाणे झाले तर बिनयांग गुहेची ती ओबडधोबड भिंत आवर्जून पाहावी, आणि जाताना शाव्हान यांच्या छायाचित्राची प्रत जवळ ठेवावी.

सिरेन यांच्या निगेटिव्ह स्टॉकहोमच्या पौर्वात्य संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. शिकागो विद्यापीठाने तियानलोंगशानच्या जगभर विखुरलेल्या शिरांची त्रिमितीय मोजणी करून, जुन्या छायाचित्रांच्या आधाराने, कोणते शिर कोणत्या धडाचे हे संगणकावर जुळवण्याचे काम हाती घेतले. २०२० साली टोकियोतील एका लिलावात बुद्धाचे एक शिर विक्रीला आले. चीनच्या पुरातत्त्व खात्याने ते १९२०च्या दशकातील छायाचित्रांशी ताडून पाहिले, तेव्हा ते तियानलोंगशानच्या आठव्या गुहेतील, उत्तर भिंतीवरचे, असे निष्पन्न झाले. ही गुहा इ.स. ५८४ मधील. लिलाव थांबला. जपानमध्ये स्थायिक झालेल्या एका चिनी व्यापाऱ्याने ते शिर विकत घेऊन देशाला अर्पण केले. डिसेंबर २०२० मध्ये ते बीजिंगला आले आणि जुलै २०२१ मध्ये, जवळजवळ शंभर वर्षांनी, पुन्हा डोंगरावर पोहोचले. ते धडावर बसवलेले नाही. तेथील संग्रहालयात काचेआड ठेवले आहे.